डोक्याकडची मावशी

स्टीलचा ट्रे फिरत फिरत मावशींकडे आला तेव्हा त्यात दोन पेनं, ओळखपत्राची एक दोरी, ब्रदरचा चष्मा आणि लिफ्टवाल्याचा कंगवा एवढा ऐवज जमा झालेला होता.

"कंगवा कशाला काढलात?" मावशींनी विचारलं.

"खिशातून डोकावत होता. मागच्या वेळी त्या दारुड्यानं तोच उपसून माझ्यावर रोखला."

"मग?"

"मग काय? माझ्याच कंगव्याला घाबरून मी दोन्ही हात वर केले."

एरवी मावशी हसल्या असत्या. आज त्यांनी मुकाट्यानं कानातल्या रिंगा काढल्या, चष्मा काढला आणि शेवटी मनगटावरचं घड्याळ. ठेवण्याआधी डोळ्यांजवळ धरून एकदा बघून घेतलं. अकरा दहा. दोनला ड्यूटी सुटणार, अडीचला घर, लेकीची गाडी तीन चाळीसची. बसतंय. सगळं नीट बसतंय. त्यांनी घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे टेबलावर सरकवला.

कॅज्युअल्टीतली ही जुनी पद्धत. कोणी हाताबाहेर गेलं, मारायला-फेकायला लागलं, की आधी ट्रे फिरायचा. टोचेल, ओढलं जाईल, गळ्याशी येईल असं काही अंगावर ठेवायचं नाही. मग चौघांनी दोन हात, दोन पाय वाटून घ्यायचे आणि पाचव्यानं डोकं. दोन पाय दोघा वॉचमनचे. त्यातल्या एकाला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची तब्येत होती. एक हात ब्रदरचा, म्हणजे पुरुष नर्सचा, दुसरा लिफ्टवाल्याचा; तेवढा वेळ लिफ्ट बंद. आणि डोकं गेली अकरा वर्षं मावशींचं.

डोकं धरायचं म्हणजे दाबायचं नाही, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगत. ओंजळीत पाणी धरावं तसं धरायचं. मान मोकळी, तोंड मोकळं, पलंगाच्या लोखंडावर कपाळ आपटू नये एवढंच बघायचं. आणि बोलायचं. बाकीच्या चौघांनी तोंडं मिटून घ्यायची, बोलायचं फक्त डोक्याकडच्या माणसानं. कारण पाच जण एकदम बोलायला लागले तर धडधाकट माणसाचंही डोकं फिरेल. मावशींचं बोलणं ठरलेलं होतं. "झालं गं राणी, झालं. काही नाही होणार. आत्ता सोडतात." या तीन वाक्यांत खरं एकही नसायचं. पण आवाज खरा असायचा, आणि आवाजावर भागतं असं मावशींना वाटत आलं होतं.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मोठ्या सिस्टर कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "तीच. बारा दिवसांपूर्वीची. पंधरा वर्षांची. खोली चार."



बारा दिवसांपूर्वी ती आली तेव्हा तिनं धडका देऊन घरचं दार खिळखिळं केलं होतं आणि इथे आल्यावर दोन खुर्च्या. धरावं लागलं. मावशी डोक्याकडे. डोक्याकडून माणूस उलटा दिसतो. हनुवटी वर, कपाळ खाली, आणि डोळ्यांतलं सगळं आपल्याकडे ओघळत येतंय असं वाटतं. ती पोर धापा टाकत म्हणाली होती, "सुई आहे का? सुई टोचणार आहेत का?" आणि मावशी म्हणाल्या होत्या, "छे गं, सुई कुठली? नुसतं बघतायत." शेवटचा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत सिस्टरांनी मांडीत सुई घातली.

ती किंचाळली नाही. खालून वर, त्या उलट्या डोळ्यांनी तिनं मावशींकडे बघितलं आणि जिभेला जडपणा यायच्या आधी स्पष्ट म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

खोटारडी म्हणाली असती, आईवरून शिवी दिली असती, तर मावशी घरी पोचेपर्यंत विसरल्या असत्या. शिव्यांचं त्यांना काही वाटत नसे. पण 'तुम्ही'! चार जणांनी चार कोपऱ्यांना ताणून धरलेली पोर, आणि तरी वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं बोलली. तेव्हापासून मावशींचं कशात म्हणून चित्त नव्हतं. दूध उतू जायचं. अर्ध्या रस्त्यातून कुलूप बघायला परत फिरायच्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दवाखान्यात खरं बोलतं कोण? डॉक्टर म्हणतो दुखणार नाही, पेशंट म्हणतो सिगारेट सोडली. तू एकटीनंच काय पाप केलंस?"

लेकीला सांगितलं नव्हतं. लेकीला सांगायची सोयच नव्हती. तिचं म्हणणं आधीपासूनच ते होतं: आई खोटं बोलते.

लहानपणी ती खिडकीत बसायची. "संध्याकाळी येते, मग बागेत जाऊ," असं सांगून मावशी निघायच्या, आणि इथे कोणीतरी दांडी मारलेली असायची. मग डबल ड्यूटी. घरी पोचल्यावर बघावं तर पोर खिडकीतच आडवी झालेली, पायांत बूट तसेच. झोपेतल्या पायांतले बूट काढायचं काम मावशींनी किती वेळा केलं त्याला गणती नव्हती. आता ती पोर बावीस वर्षांची झाली होती आणि पहिल्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाली होती. काल रात्री बॅग भरताना कपड्यांवरून नजर न उचलता तिनं विचारलं, "उद्या किती वाजता येशील? खरं सांग."

"अडीचला."

"आई, खरं."

"अगं, अडीच म्हणजे अडीच!"

लेक नाकातल्या नाकात हसली आणि मोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

*

चार नंबरच्या खोलीत चाकांचा पलंग, एक बेसिन आणि कोपरा. त्या कोपऱ्यात, बेसिन आणि पलंग यांच्या बेचक्यात, ती बसली होती. उजव्या तळव्याला वडिलांचा रुमाल गुंडाळलेला. तो कधीतरी पांढरा असावा. सकाळी तिनं स्वयंपाकघराच्या दाराची काच हातानं फोडली होती. सलाईनचा स्टँड तिनं आल्या आल्या आडवा केला, म्हणून तो आधीच बाहेर काढून ठेवला होता.

वडील बोळात उभे होते. शर्टाची बाही खांद्यापासून उसवलेली. "सकाळी फक्त शाळेत चल म्हटलं हो. बाकी काही नाही."

"म्हटलंत, की ओरडलात?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"पहिल्यांदा म्हटलं." ते थांबले. "तिसऱ्यांदा ओरडलो."

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, येऊन दोन महिने झालेल्या. वयानं मावशींच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. दारात उभ्या असलेल्या फौजेकडे बघून म्हणाल्या, "आधी सगळे मागे व्हा. पाच जण असे दारात उभे राहिले तर मीसुद्धा किंचाळेन."

"मॅडम," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाहेर छातीत दुखणारे दोन आहेत, एक बाई उलट्या करून अर्धी झालीय. आम्ही पाच जण तयार आहोत. पाच मिनिटांचं काम."

"धरायचं शेवटी. आधी बोलायचं, मग तोंडातून गोळी, ती घेतली तर. मला तिचा ताप बघायचाय, साखर बघायचीय, डोक्याला मार लागलाय का बघायचंय. मागच्या वेळी आली होती म्हणून या वेळीही तेच, असं आपण दारातूनच ठरवून टाकायचं का?"

मोठ्या सिस्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं कागद कसा ठेवला, ते बोळातल्या सगळ्यांना ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई आत गेल्या. चांगल्या बोलत होत्या, पण जरा जास्त बोलत होत्या. मुलीनं हात लांब करून बेसिनचा नळ पूर्ण सोडला. त्या बोलत्या झाल्या की नळ मोठा, थांबल्या की बारीक. पाचव्या मिनिटाला त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे बूट भिजलेले होते आणि हातातली पेशंटची पाटी, क्लिप लावलेली जाड पुठ्ठ्याची, आत पलंगावरच राहिली होती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचे खिसे रिकामे करून ट्रे भरला होता, पण डॉक्टरांच्या हातांकडे कोण बघतंय?

तेवढ्यात मुलीची नजर दारातून मावशींवर पडली.

"ती बाई नको!" ती ओरडली. "ती खोटं बोलते! तिला आत येऊ देऊ नका!"

 पैलवान उगाच आपल्या बुटांकडे बघायला लागला. मावशींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रिंगा काढल्यामुळे त्या तशाही उघड्या वाटत होत्या.

"मी जाऊ का आत?" त्या म्हणाल्या.

"मावशी, ती तुम्हालाच नको म्हणतेय," ब्रदर म्हणाला.

"तेच तर. तुमची कोणाची तिला ओळखच नाही. माझ्याशी तिचं भांडण आहे. भांडण असलं म्हणजे निदान बोलणं होतं."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "दहा मिनिटं. दार उघडं ठेवा. तिची बाहेरची वाट अडवू नका."

मावशींनी स्टूल आत नेलं नाही. दाराच्या बाजूला भिंतीला टेकून त्या खाली बसल्या. बसताना दोन्ही गुडघे असे वाजले की मुलीनं नळ बारीक करून बघितलं.

"काय मोडलं?" तिनं विचारलं.

"माझे गुडघे. रोज मोडतात."

नळ चालू. बंद. पुन्हा चालू.

"सुई आहे का?"

मावशींच्या जिभेवर ते अकरा वर्षांचं वाक्य आपोआप आलं. त्यांनी ते गिळलं. "आहे. बाहेर भरून ठेवलीय."

बोळात कोणीतरी चक् केलं.

"बघा! मला टोचणार!"

"लागली तर टोचणार. आधी गोळी देणार आहेत. घेतलीस तर सुई नको, असं बाईंचं म्हणणं आहे. मी काही डॉक्टर नाही, मी ऐकलेलं सांगते."

"मागच्या वेळी का खोटं बोललात?"

"सवय," मावशी म्हणाल्या. मग त्यांना ते अपुरं वाटलं. "घाबरलेलं माणूस बघितलं की तोंडातून निघतं. मलाच बरं वाटावं म्हणून असेल. तुला त्यानं काय बरं वाटणार होतं? चुकलं माझं."

मुलीनं नळ बंद केला. पाणी भोकातून गुडगुडत गेलं.

"बाबा घरी गेले?"

"नाही. बाहेर आहेत. बाही उसवलीय त्यांची."

"रागावलेत?"

"थोडे. घाबरलेत जास्त."

"तुमचं वय किती?"

"एक्कावन्न."

"पन्नाशीच्या आतलं वय सांगायची पद्धत आहे," बोळातून लिफ्टवाला पुटपुटला आणि सिस्टरांनी त्याच्याकडे डोळे वटारले. आज बोलायचं एकानंच.

"त्या डॉक्टर हुशार आहेत?"

"नव्या आहेत," मावशी म्हणाल्या. "पण बूट भिजले तरी चिडल्या नाहीत. मी चिडले असते."

मुलीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तेवढंच, पण हलला. मावशींना वाटलं, सुटलो. आता गोळी घेईल, सगळं दीड वाजेपर्यंत आटपेल.

"गोळी कडू असते?"

"मी कधी घेतली नाही. जिभेवर विरघळते म्हणतात. कडूच असेल."

"घेतली तर सुई नाही ना? एकसुद्धा नाही? खरं सांगा."

मावशींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

कारण तो हात. तळव्याला टाके पडणार होते, आणि टाक्यांच्या आधी तळवा बधिर करायला सुई लागणार होती. ती एवढीशी, पण सुईच. 'नाही' म्हटलं की गोळी पोटात. बोळातले सातही जण 'नाही म्हणा, नाही म्हणा' असं मनात म्हणत होते, आणि ते मावशींना पाठीमागून स्पष्ट जाणवत होतं. डॉक्टरीणबाईसुद्धा त्यात असाव्यात. एक एवढासा शब्द. नंतर ती गुंगीत असेल, तिला कळणारही नाही.

"झोपवायची सुई नाही," मावशी हळू म्हणाल्या. "पण हाताला टाके पडणार. त्याआधी तळव्यात एक बारीक सुई देतात. दुखू नये म्हणून. ती आहे."

 मुलीचा डावा हात पलंगावर गेला आणि पाटी हवेतून आली. मावशींच्या भुवईवर क्लिपची कड बसली. चष्मा ट्रेमध्ये होता हे नशीब. त्या सावरतात तोवर मुलगी भिंतीकडे वळून डोकं आपटायला लागली होती, एक, दोन, अशी तालात. मावशींच्या मोडक्या गुडघ्यांत कुठून बळ आलं कोण जाणे. तिसरा ठोका भिंतीवर पडलाच नाही. तो भिंत आणि डोकं यांच्या मध्ये गेलेल्या मावशींच्या पंज्यावर पडला. चौथाही. पाचवाही.

"या," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. आवाज खाली गेलेला. "धरा. उजवा हात मनगटाच्या वर. जखमेला हात लावू नका."

*

पलंगावर घेतलं. पाय, पाय, हात, हात. मावशी डोक्याकडे. ओंजळ आपोआप झाली. उजव्या पंज्याची बोटं मिटत नव्हती, पण मिटायची गरजही नव्हती. खाली तोच उलटा चेहरा, तेच डोळे. केसांना घामाचा आणि साबणाचा वास.

"ऐक," मावशी म्हणाल्या. भुवईतून काहीतरी ओघळून पापणीवर आलं होतं, ते पुसायला हात नव्हता. "चार जणांनी धरलंय. लगेच सोडणार नाहीत. तू डोकं आपटायचं थांबलीस की सोडतील. सिस्टर डावीकडून येतायत. त्यांच्या हातात सुई आहे. डाव्या मांडीत टोचणार. दुखेल. मी तीन म्हटलं की टोचतील, त्याआधी नाही."

मोठ्या सिस्टरांनी मावशींकडे बघितलं. सुई हातात, टोपण काढलेलं. असलं काही त्यांच्या उभ्या नोकरीत झालेलं नव्हतं. पण त्या थांबल्या.

"एक," मावशी म्हणाल्या.

"थांबा," मुलगी म्हणाली.

सगळे थांबले. पैलवानानं श्वास घेतला तो तसाच ठेवला.

"मी मोजणार."

मावशींनी मान वर करून सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी डॉक्टरीणबाईंकडे. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"मोज," मावशी म्हणाल्या.

"एक." छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "दोन." मग पुढचं काही येईना. लिफ्टवाला छताकडे बघत राहिला. बाहेर कोणीतरी उलट्या करत होतं, कोणाचा तरी फोन वाजून वाजून थांबला. मोठ्या सिस्टरांचा हात जागच्या जागी होता, सुईचं टोक मांडीपासून दोन बोटांवर. आणि मावशींना एकाएकी त्या बाईबद्दल फार माया आली.

"तीन," मुलगी म्हणाली.

सुई गेली. मुलीनं डोळे घट्ट मिटले आणि मावशींच्या ओंजळीत तिच्या डोक्याचं सगळं वजन आलं. लढणाऱ्या माणसाचं डोकं हलकं लागतं. हे जड होतं.

"पाय सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं, "हात सोडा."

डोकं सोडा असं कोणी म्हटलं नाही.

"झोप येणार?" मुलीनं विचारलं.

"हो. थोड्या वेळात."

"मग हाताला सुई?"

"हो. तेव्हा थोडं कळेल, फार नाही."

तिचा श्वास संथ झाला. मावशींना वाटलं लागली झोप. तेवढ्यात ती म्हणाली, "उठेन तेव्हा तुम्ही असाल इथे?"

'असेन की' हे ओठांच्या दारातच उभं होतं. मावशींनी त्याला बाहेर सोडलं नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "विचार करू दे."

मुलगी थांबली. डोळे मिटत होते, ती ते पुन्हा पुन्हा उघडत होती. मावशींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "किती वेळ झोपेल?" "चार वाजतील, जरा पुढेमागे," त्या म्हणाल्या. दोनची ड्यूटी. अडीचचं घर. तीन चाळीसची गाडी. खिडकी. बूट. मावशींनी सगळं एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे केलं. आता ते कसंही करून बसत नव्हतं.

"असेन," त्या म्हणाल्या.

*

"दहा मिनिटं बोलून शेवटी धरलंच ना, मावशी," मोठ्या सिस्टर फॉर्म भरताना म्हणाल्या.

"धरलं."

 सिस्टरांनी 'धरल्याचा कालावधी' या रकान्यात चार मिनिटं लिहिलं. मग बारा दिवसांपूर्वीचं पान उलटलं. तिथे त्यांच्याच अक्षरात एकोणीस होतं. त्यांनी ते पान मिटलं आणि थंड पाण्याचा बोळा मावशींच्या भुवईवर दाबून गेल्या. जरा जोरातच दाबला, पण ती त्यांची पद्धत.

ताप नव्हता, साखर ठीक होती, डोक्याला टेंगूळ होतं पण बाकी काही नाही. तळव्याला सात टाके पडले. सुईच्या वेळी ती झोपेत कण्हली आणि मावशी तिच्या कानाशी म्हणाल्या, "ही ती हाताची." ऐकलं की नाही, देव जाणे.

दीडला त्यांनी ब्रदरकडून लॉकरमधला फोन मागवून घेतला. उजव्या हाताची बोटं सुजून केळफुलासारखी झाली होती. डाव्या हातानं नंबर लावला.

"आई? निघालीस?"

"नाही." मावशी म्हणाल्या. "मी येत नाही. अडीचला नाही, तीनलाही नाही. तू निघेपर्यंत माझं होणार नाही. इथे एका मुलीला शब्द दिलाय."

 पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. एकदा, आणि पुन्हा एकदा, अडकल्यासारखा.

"आई," लेक म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर तीनपर्यंत दाराकडे बघत बसले असते."

"बाबांना म्हणावं, वरचं मोठं कुलूप लावा. आणि तू पोचलीस की..."

"करते फोन." ती थांबली. "खरंच करते."

फोन ठेवल्यावर मावशी तो नुसताच हातात धरून बसल्या, मग ब्रदर आला तेव्हा लॉकरमध्ये परत ठेवायला दिला. लेक रडली असती तर समजूत घालता आली असती. रागावली असती तर भांडता आलं असतं.

दोनला दुसऱ्या पाळीची मावशी आली. ती यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण इथे आलं की वयाला कोण विचारतं, सगळ्या मावशीच. "जा ना तुम्ही घरी, मी बसते की! तिला काय कळणार? डोळे उघडले की मावशी दिसल्याशी कारण. मावशी ती मावशी." तिनं हे चांगल्या मनानं सांगितलं. रिक्षा केली तर अजून स्टेशन गाठता आलं असतं. मावशींचे पाय खुर्चीखाली आपणहून निघाले, दोन-तीनदा निघाले. मावशींनी ते घोट्यांशी एकमेकांत अडकवून ठेवले.

समोरच्या खुर्चीत वडील झोपले होते, उसवलेली बाही लोंबत होती. मुलीच्या बोटाला लावलेला, नाडी मोजणारा लाल दिवा लुकलुकत होता. साडेतीनला बोळातून फरशी पुसायची बादली जाते. ती गडगडत गेली. म्हणजे अजून दहा मिनिटं. मग ती दहा मिनिटं संपली की नाही ते कळायला काही साधन नव्हतं; बोळातलं भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. मावशींनी पन्नासपर्यंत आकडे मोजले, पुन्हा मोजले. मग सोडून दिलं.

मुलीनं डोळे उघडले तेव्हा आधी तिला छत दिसलं. मग तिनं मान वळवली. मावशी पहिल्यांदाच तिला इतक्या जवळून सरळ दिसत होत्या आणि ती मावशींना. सरळ बघितलं तर चेहरा अगदीच लहान होता.

"तुमच्या कपाळाला काय झालं?"

"तू पाटी मारलीस."

"लागली?"

"लागली."

तिनं आपल्या हाताच्या पट्टीकडे बघितलं. बोटं जराशी हलवून बघितली.

"किती वाजले?"

"माहीत नाही गं. घड्याळ बाहेर आहे. चष्मापण."

मुलीनं कोपरावर रेलून उघड्या दारातून बोळातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे बारीक करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चार वीस."

"खरं?" मावशींनी विचारलं.

"खरं."

मावशींनी मान हलवली. मग उठून, सुजलेला हात जपत, त्यांनी तिच्या डोक्याखालची उशी सरळ केली.

बाहेर टेबलावर ट्रे होता तिथेच होता. पेनं, दोरी, कंगवा, ज्याचं त्यानं कधीच उचलून नेलं होतं. दोन रिंगा राहिल्या होत्या, एक चष्मा, आणि एक घड्याळ, स्टीलवर पडल्यामुळे नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं वाजणारं. दुसऱ्या पाळीच्या ब्रदरनं ते उचलून "कोणाचं आहे हे?" असं दोनदा विचारलं आणि कोणी बोललं नाही म्हणून परत ठेवून दिलं.